जोतिबाच्या डोंगरावर न भरलेल्या दोन यात्रा

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचा जोतिबाचा डोंगर गुलालात न्हाऊन निघतो. मानाची पाडळीची सासनकाठी, मागोमाग गावोगावच्या काठ्या, दवण्याचा वास आणि लाखो मुखांतून ‘चांगभलं’चा गजर. २०२० आणि २०२१ साली मात्र कोविडच्या साथीमुळे ही यात्रा भरली नाही. मोजक्या लोकांनी विधी पार पाडले, भाविक घरी थांबले. पिढ्यान्‌पिढ्या काठी नाचवणाऱ्या घरांना हे फार जड गेलं. तरीही साथींचा इतिहास पाहिला, तर यात्रा न भरवण्याचा तो निर्णय योग्यच होता असं माझं ठाम मत आहे.

यात्रेतला धोका नुसत्या गर्दीच्या आकड्यात नसतो. एरवी ज्यांची गाठ पडली नसती अशी शेकडो गावं एका दिवसात एकमेकांत मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या वाटेने पांगतात. मोठ्याने गजर करताना तोंडातून बाहेर पडणारे सूक्ष्म थेंब साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यात परतीचा प्रवास दाटीवाटीच्या गाडीतून.

अशी गर्दी वेळीच रोखण्याने काय फरक पडतो, हे जुन्या साथीतही दिसलं आहे. २८ सप्टेंबर १९१८ रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात इन्फ्लुएन्झा शिरलेला असतानाही युद्धनिधीसाठी मोठी मिरवणूक निघाली. सेंट लुईसने मात्र पहिले रुग्ण दिसताच दोन-तीन दिवसांत शाळा, नाट्यगृहं, सभा बंद केल्या. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा साथीच्या शिखरावर फिलाडेल्फियातला साप्ताहिक मृत्युदर सेंट लुईसच्या आठपट निघाला. उपाय शेवटी दोन्हीकडे जवळपास तेच झाले, फरक पडला तो थोड्याशा दिवसांचा. रुग्णालयं भरल्यावर घेतलेला निर्णय उशिराच ठरतो, कारण आज दिसणारा रुग्ण काही दिवसांपूर्वीच बाधित झालेला असतो.

त्याच साथीने मुंबईत जूनमध्ये पाऊल ठेवलं आणि मग ती ओसरली. खरा घाला आला तो दुसऱ्या लाटेत: ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. २०२१ च्या चैत्रात आपणही दुसऱ्या लाटेतच होतो.

पण नुसत्या हुकमाने साथ आटोक्यात येत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची तपासणी करायला सोजीर घरात घुसू लागले, तेव्हा लोक रुग्णच लपवू लागले. त्याच काळात खेड्यांतली माणसं घरात उंदीर पडू लागले की आपणहून गाव सोडून रानात खोपी घालून राहत. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून हा उपाय खरोखर गुणकारी होता. सक्तीने जे साधलं नाही, ते गावाने स्वतःच्या अनुभवातून साधलं होतं.

म्हणून पुढच्या साथीची तयारी डोंगरावर नव्हे, काठीच्या गावांत व्हायला हवी. कोणत्या टप्प्यावर यात्रा थांबवायची, गावाचा नवस गावातच कसा फेडायचा, हे मानकरी, पुजारी आणि आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांनी साथ नसतानाच बसून ठरवावं.