हुकूम देतो कोण? – एव्हलिन फॉक्स केलर यांची ओळख

मुंग्यांची रांग पाहिली की "यांचा पुढारी कोण?" असा प्रश्न आपल्या मनात चटकन येतो. पुढारी असलाच पाहिजे, हे आपण धरूनच चालतो. शास्त्रज्ञ हीसुद्धा माणसेच. त्यांच्याही प्रश्नांत अशी गृहीते नकळत शिरतात. ही गृहीते हुडकून काढण्याचे काम ज्यांनी केले, त्या अमेरिकन विदुषी एव्हलिन फॉक्स केलर यांची आज ओळख करून घेऊ.

पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी

केलरबाईंचा जन्म २० मार्च १९३६ रोजी न्यू यॉर्क शहरात झाला. त्यांचे आईवडील रशियातून अमेरिकेत आलेले ज्यू होते. १९५७ साली ब्रँडाइस विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील पदवी घेऊन त्या हार्वर्ड विद्यापीठात गेल्या. तेथे या विषयात मुली अगदी थोड्या. मुलीला सैद्धांतिक पदार्थविज्ञान कसे झेपणार, अशी शंका त्यांना वारंवार ऐकावी लागली. चेष्टाही सोसावी लागली. तरीही १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. तोवर त्यांचा ओढा रेणुजीवशास्त्राकडे वळला होता. हार्वर्डमधील अनुभव त्यांनी १९७७ साली एका लेखात उघडपणे मांडले.

पुढारी नसलेला जमाव

गणित आणि जीवशास्त्र यांची सांगड घालणारे त्यांचे एक काम फार गाजले. श्लेष्मकवक नावाचा एक चमत्कारिक जीव आहे. अन्न भरपूर असते तेव्हा त्याच्या पेशी अमीबासारख्या सुट्या राहतात आणि मातीतील जीवाणू खातात. अन्न संपले की हजारो पेशी एकत्र येतात व त्यांचा गोगलगाईसारखा सरपटणारा एक गोळा बनतो. पुढे त्याला देठ फुटतो आणि टोकावर बीजाणू धरतात.

या पेशींना एकत्र बोलावतो कोण? काही खास 'संस्थापक' पेशी हुकूम सोडतात आणि बाकीच्या तो पाळतात, अशी कल्पना त्या काळी प्रचलित होती. १९७० साली केलरबाई व गणितज्ञ ली सेगेल यांनी वेगळे उत्तर मांडले. प्रत्येक पेशी एक रसायन सोडते आणि ते जेथे जास्त असेल तिकडे सरकते. आता योगायोगाने चार पेशी जवळ आल्या, तर तेथे रसायन थोडे वाढते. त्यामुळे आणखी पेशी येतात, रसायन आणखी वाढते. रस्त्यात चार माणसे थांबून वर पाहू लागली की पाहता पाहता गर्दी जमते, तसेच हे! एरवी रसायन पसरून विरळ होते आणि काही अंशी नष्टही होते, म्हणून गर्दी टिकत नाही. पण उपासमारीने पेशींत बदल होऊन ओढ एका मर्यादेपलीकडे गेली, की सारखी पसरलेली स्थिती अस्थिर होते आणि गोळे बनू लागतात. म्हणजे हुकूम देणारी खास पेशी असलीच पाहिजे असे नाही.

आज या विषयाचे चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले आहे. पण 'केलर-सेगेल समीकरणांचा' अभ्यास गणितज्ञ अजूनही करतात. त्या वेळी मात्र अनेक संशोधकांना हुकूम देणाऱ्या पेशीचीच कल्पना बरी वाटत राहिली. खास पेशींचा ठोस पुरावा नसताना असे का व्हावे? हा प्रश्न केलरबाईंच्या मनात घर करून राहिला.

मक्याचे ऐकणारी शास्त्रज्ञ

१९८३ साली त्यांनी बार्बारा मॅकक्लिंटॉक यांचे चरित्र प्रसिद्ध केले. काही जनुकीय घटक गुणसूत्रावर आपली जागा बदलतात, हे मॅकक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरील ठिपक्यांचा अभ्यास करून १९४० नंतरच्या दशकात ओळखले होते. पण १९५१ साली त्यांनी ते परिषदेत मांडले तेव्हा फारच थोड्यांना ते पटले. एकेक रोप जवळून ओळखावे, घाईने नियम लादू नये, ही त्यांची रीत. चरित्र निघाले त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले!

शब्दांतील पूर्वग्रह

१९८५ साली केलरबाईंचा लिंगभाव आणि विज्ञान यांवरील ग्रंथ आला. सतराव्या शतकातील फ्रान्सिस बेकनने निसर्गाला स्त्री कल्पून तिच्यावर सत्ता गाजवण्याची भाषा वापरली होती. बुद्धी, तटस्थता, सत्ता हे पुरुषाचे. भावना व जवळीक हे स्त्रीचे, अशी वाटणी समाजाने केली आणि विज्ञान पहिल्या वाट्यात टाकले, असे त्यांनी दाखवून दिले. यात मुलींवर अन्याय झालाच. शिवाय विज्ञानाचेही नुकसान झाले. कारण हुकूम आणि ताबा यांचीच सवय जडली, तर परस्परांवर होणारे परिणाम नजरेतून सुटतात. जनुकांबद्दलही त्यांनी हेच म्हटले. जनुक म्हणजे पेशीचा मालक नव्हे. कोणते जनुक केव्हा कार्य करील हे पेशीतील इतर रेणूंवरही अवलंबून असते.

'स्त्रियांचे विज्ञान वेगळे असते' असे त्या म्हणतात, असा काहींनी समज करून घेतला. त्यांना ते मान्य नव्हते. गृहीते ओळखली की विज्ञान अधिक सत्यनिष्ठ होते आणि ते सर्वांचेच असते, असे त्यांचे म्हणणे होते.

१९९२ साली त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. पुढे त्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत विज्ञानाचा इतिहास व तत्त्वज्ञान यांच्या प्राध्यापिका झाल्या. २२ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आता आपलेच विज्ञानाचे पुस्तक उघडा. 'निसर्गावर विजय', 'पेशीचा नियंत्रक', 'सैनिक पेशी' असे शब्द कोठे आढळतात ते पाहा. प्रयोगात खरोखर काय दिसले आणि शब्दाने त्यात काय भर घातली, हे वहीत दोन रकान्यांत लिहा. दुसरा रकाना बराच भरला, तर केलरबाईंचे म्हणणे तुम्हांला नीट समजले असे समजा.