वात दुरून पेटवायची: सॉफ्टवेअरची स्वयंचलित कामं वेब एपीआयने कशी सांभाळायची

(तेरखेडा, जि. धाराशिव येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय ऐकायला अवघड वाटेल, पण त्यातली मुख्य गोष्ट या गावाला नवी नाही. तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं. वात पेटवणारा माणूस एका जागी असतो आणि बार दुसऱ्या जागी उडतो, मधे अंतर असतं. ते अंतर नीट सांभाळणं हाच त्या धंद्याचा अर्धा शहाणपणा. सॉफ्टवेअरच्या जगात आज अगदी असंच चाललंय. काम होतं कुठल्या तरी दूरच्या संगणकावर आणि ते सुरू करणारा माणूस हातातल्या मोबाइलवरून एक निरोप पाठवतो. हा निरोप कसा पाठवायचा, उत्तर कसं वाचायचं आणि मधेच रेंज गेली तर काय करायचं, एवढंच आज बघू.

आधी स्वयंचलित काम म्हणजे काय ते समजून घेऊ. सॉफ्टवेअर लिहिणारा कोडमध्ये एक बदल करतो. त्यानंतर ठरलेली कामं असतात: कोड जुळवून बघायचा, चाचण्या चालवायच्या, पॅकेज तयार करायचं, सर्व्हरवर चढवायचं. हे माणसाने हाताने केलं की एखादी पायरी हमखास राहते. म्हणून या पायऱ्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि यंत्राकडून करून घ्यायच्या. त्या फाइलला ‘वर्कफ्लो’ म्हणतात. कल्पना तशी जुनी. २००१ च्या सुमारास ‘क्रूझकंट्रोल’ नावाचं साधन आलं. २००५ मध्ये कोहसुके कावागुची यांनी ‘हडसन’ आणलं, तेच २०११ पासून ‘जेन्किन्स’ नावाने चालतं. ‘गिटहब’ने २०१८ मध्ये ‘ॲक्शन्स’ जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आज मी उदाहरणं गिटहबची देईन, पण विचार सगळीकडे तोच.

आपल्या भाषेतलं एक खरं उदाहरण घ्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. त्याच्या पानावर ‘संपादन’, ‘इतिहास’ असे जे शब्द दिसतात, ते मीडियाविकी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असतात. भाषांतर करणारे स्वयंसेवक ती फाइल हाताने उघडत नाहीत. ते ‘ट्रान्सलेटविकी डॉट नेट’ या संकेतस्थळावर शब्द भरतात. तिथून एक बॉट हे शब्द गोळा करून मूळ कोडकडे पाठवतो, चाचण्या आपोआप चालतात आणि त्या पार पडल्या की बदल आत जातो. मीडियाविकीची नवी आवृत्ती साधारण दर आठवड्याला टप्प्याटप्प्याने चढते, बहुतेक विकिपीडियांवर गुरुवारी. म्हणजे भाषा जाणणाऱ्या माणसाने फक्त भाषेचं काम करायचं. उरलेलं दळण यंत्र दळतं. ही साखळी नसती तर एका मराठी शब्दासाठी कुणा प्रोग्रामरच्या दारात ताटकळत बसावं लागलं असतं.

आता वेब एपीआय. बँकेत खिडकी असते बघा. ठरलेला फॉर्म ठरलेल्या पद्धतीने भरून दिला की आतला माणूस काम करतो, तुम्हाला काउंटरच्या आत जावं लागत नाही. एपीआय ही प्रोग्रामसाठीची खिडकी. प्रत्येक गोष्टीला एक वेब पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर काय करायचं त्याचं क्रियापद असतं. ‘गेट’ म्हणजे माहिती द्या. ‘पोस्ट’ म्हणजे नवं काही करा. ‘पुट’ म्हणजे अमुक स्थितीत ठेवा. ‘डिलीट’ म्हणजे काढून टाका. या मांडणीला ‘रेस्ट’ हे नाव रॉय फील्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात दिलं. खिडकीतून उत्तर आकड्यात येतं: २०० म्हणजे झालं, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते पटलं नाही.

तुम्ही विचाराल, गिटहबच्या पानावर बटण आहेच की, मग हे कशाला? एक प्रकल्प असेल तर बटण पुरेसं आहे. पण समजा तुमच्याकडे ४० शाळांच्या ४० वेबसाइट आहेत आणि सगळ्यांवर एक सुरक्षा-दुरुस्ती आजच चढवायची आहे. ४० पानं उघडून ४० बटणं दाबणार? तिथे दहा ओळींचा प्रोग्राम ४० निरोप पाठवतो आणि शेवटी यादी देतो की ३८ पार पडले, दोन अडले. शिवाय जड काम तुमच्या लॅपटॉपवर होतच नाही. लाइट गेली, लॅपटॉप जुना आहे, तरी काम तिकडे चालू राहतं. मराठवाड्यातल्या खेड्यात बसून शिकणाऱ्या पोरापोरींना याचा फायदा शहरातल्यांपेक्षा जास्त आहे, असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष क्रम. पहिली पायरी, वर्कफ्लोच्या फाइलमध्ये लिहायचं की ‘हे काम बाहेरून सांगितल्यावरही सुरू होऊ दे’. त्या सोयीला ‘वर्कफ्लो डिस्पॅच’ म्हणतात. फाइल मुख्य शाखेत असायला हवी, नाहीतर निरोप पोचूनही काही होत नाही. दुसरी पायरी, त्या वर्कफ्लोच्या पत्त्यावर ‘पोस्ट’ करायचं आणि सोबत सांगायचं की कुठल्या शाखेवर चालवायचं आणि हवे ते तपशील. मूळ पद्धतीत याचं उत्तर येतं २०४. त्याचा अर्थ, निरोप मिळाला, सांगण्यासारखं आणखी काही नाही. काम पार पडलं असा त्याचा अर्थ मुळीच नाही. वातीला काडी लागली एवढंच कळलं, बार उडाला का ते वेगळं बघायचं.

ते बघायची तिसरी पायरी. ‘गेट’ने कामांची यादी मागवायची. प्रत्येक कामाला दोन वेगळ्या नोंदी असतात. एक ‘स्टेटस’: रांगेत आहे, चालू आहे, की संपलं. दुसरी ‘कन्क्लूजन’: संपल्यावर निकाल काय, यश, अपयश, रद्द की वेळ संपली. नवखे लोक ‘संपलं’ वाचून आनंदतात. परीक्षा संपणं वेगळं आणि पास होणं वेगळं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण आपल्याकडे रेंजचा भरवसा नसतो. समजा तुम्ही ‘पोस्ट’ केलं आणि उत्तर येण्याआधीच नेट गेलं. निरोप पोचला की नाही? तुम्हाला माहीत नाही. पुन्हा पाठवला तर काम दोनदा सुरू होऊ शकतं. काम चाचणीचं असेल तर बिघडत नाही. पण तेच काम ग्राहकांना मेसेज पाठवणारं असेल तर प्रत्येकाला दोन मेसेज जातील.

यूपीआयने पैसे पाठवताना चाक फिरत राहिलं तर तुम्ही काय करता? शहाणा माणूस पुन्हा पैसे पाठवत नाही, आधी खात्यातला व्यवहार बघतो. इथेही तेच. ‘गेट’ कितीही वेळा केलं तरी काही बदलत नाही. ‘पोस्ट’ दर वेळी नवं काम उभं करू शकतं. म्हणून आधी यादी बघायची, काम दिसलं नाही तरच पुन्हा पाठवायचं. काम यादीत यायला काही सेकंद लागतात, तेवढा धीर धरायचा. यादीत आपलं काम ओळखू यावं म्हणून निरोपासोबत स्वतःची एक खूण पाठवावी आणि वर्कफ्लोमध्ये ती खूण कामाच्या नावात दिसेल असं लिहावं. त्यावर ‘कन्करन्सी’ नावाचा नियम लावता येतो: या गटातलं एक काम चालू असताना दुसरं सुरू व्हायचं नाही. मात्र हा नियम दुसऱ्याला थांबवून ठेवतो, पहिलं संपल्यावर ते चालतंच. त्यामुळे खूण तपासण्याला पर्याय नाही.

काम चालू असताना हातात काय काय असतं? रद्द करता येतं. त्याचं उत्तर २०२, म्हणजे विनंती घेतली, लगेच थांबेलच असं नाही. पुन्हा चालवता येतं आणि हवं तर फक्त नापास झालेले भागच पुन्हा चालवता येतात. ही सोय मूळ कामापासून ३० दिवसांपर्यंत असते. तपशीलवार नोंद म्हणजे लॉग उतरवता येतो. त्यासाठी मिळणारा पत्ता एका मिनिटात शिळा होतो, म्हणून मिळाल्या मिळाल्या वापरायचा. आणि एखादा वर्कफ्लो घोळ घालत असेल तर तो पूर्ण बंद ठेवता येतो.

पण सारखं सारखं विचारत बसू नका. ओळख न देता तासाला ६० विनंत्या चालतात, ओळख दिली तर साधारण ५,०००. यादी एका वेळी ३० नोंदींची येते, मागितली तर १०० पर्यंत. पुढची पानं मागवायला विसरलात तर १०१ वं काम हरवलं असं वाटेल. दर पाच सेकंदांनी ‘झालं का, झालं का’ करण्यापेक्षा ‘वेबहुक’ वापरावं. त्यात गिटहबच तुमच्या सर्व्हरला कळवतं की काम संपलं. अशा निरोपावर गुप्त शब्दाने केलेली सही असते. ती तपासल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

वेळेची एक गंमत. रोज सकाळी सहाला काम चालवायचं असेल आणि वेळ-विभाग काही सांगितला नसेल, तर वेळ जागतिक प्रमाणवेळेने धरली जाते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथे तास शून्य आणि मिनिट ३० लिहायचं. सहा लिहाल तर काम साडेअकराला होईल. आणि सार्वजनिक प्रकल्पात ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर वेळापत्रकाची कामं आपोआप बंद होतात. दोन महिन्यांनी ‘बॅकअप का होत नाही’ म्हणून शोध सुरू होतो, तेव्हा कारण बहुधा हेच निघतं.

शेवटचा मुद्दा किल्लीचा. ओळख पटवायला ‘टोकन’ म्हणजे अक्षरांची एक लांब किल्ली लागते. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ या गटाचं, २३,००० हून अधिक प्रकल्पांत वापरलं जाणारं एक साधन कुणीतरी आतून बदललं. सांभाळणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार त्यांच्या बॉट खात्याची किल्ली चोरीला गेली होती. बदललेलं साधन इतर प्रकल्पांची गुपितं लॉगमध्ये छापू लागलं आणि सार्वजनिक प्रकल्पाचा लॉग कुणालाही वाचता येतो. एक किल्ली हरवली आणि हजारो घरांची दारं धोक्यात आली.

यातून चार नियम. किल्लीला लागेल तेवढाच अधिकार द्या. फक्त बघायचं असेल तर फक्त वाचायचा. तिला मुदत घाला. ती कोडमध्ये लिहू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. आणि बाहेरचं साधन वापरताना त्याच्या आवृत्तीचं नाव लिहू नका, त्या बदलाचा पूर्ण क्रमांक लिहा. नावाची पाटी दुसऱ्या घरावर लावता येते, क्रमांक बदलत नाही. फटाक्याच्या कारखान्यात दारू भरायची जागा आणि तयार माल ठेवायची जागा लांब लांब असते, ते एका ठिकाणची ठिणगी सगळीकडे जाऊ नये म्हणूनच. किल्ल्याही तशाच वेगळ्या ठेवा.

आता तुमचे प्रश्न.

प्रश्न: सर, हे सगळं मोबाइलवर होईल का?

उत्तर: होईल. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’मध्ये ‘कर्ल’ ही आज्ञा चालते, एका ओळीत निरोप जातो. मोठा प्रोग्राम लिहायला मात्र कीबोर्ड हवा.

प्रश्न: पैसे किती लागतात?

उत्तर: सार्वजनिक प्रकल्पाला साध्या यंत्रांवर फुकट. खाजगी प्रकल्पाला मोफत खात्यात महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. एक भाग जास्तीत जास्त सहा तास चालतो. अडकलेलं काम मिनिटं खात राहतं, म्हणून फाइलमध्ये स्वतः वेळमर्यादा लिहा, दहा मिनिटांच्या कामाला पंधरा.

प्रश्न: चुकून भलतंच काम सुरू होऊन वेबसाइट पडली तर?

उत्तर: चांगला प्रश्न. खऱ्या सर्व्हरवर जाणाऱ्या पायरीआधी मंजुरीची अट घालता येते. काम तिथे थांबतं, नेमलेला माणूस ‘हो’ म्हणतो, मगच पुढे जातं. खाजगी प्रकल्पाला ही सोय पैशाच्या योजनेत मिळते, सार्वजनिक प्रकल्पाला फुकट आहे. चाचण्या यंत्रावर सोडा, पण जिथे लोकांचं नुकसान होऊ शकतं तिथे एक माणूस ठेवा.

या आठवड्यात एवढं करा. एक सार्वजनिक प्रकल्प उघडा, त्यात फक्त ‘नमस्कार’ छापणारा वर्कफ्लो लिहा, त्याला मोबाइलवरून ‘पोस्ट’ करा आणि यादीत आपली खूण शोधा. मग मुद्दाम नेट बंद करून तेच पुन्हा करून बघा. काय घडलं ते वहीत लिहून आणा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.