शंभर मुलं, एकच तक्ता

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की धुळ्या-जळगावची मैदानं पहाटे पाचलाच भरतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. ५० गुणांच्या मैदानी चाचणीत २० गुण या एका धावण्याचे. महिना-दीड महिन्यात दम वाढवायचा म्हणून रोज जीव तोडून पळायचं, असा बहुतेकांचा हिशेब असतो. तो कुठे चुकतो, हे कॅनडात एरिक बॅनिस्टर यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या गणितातून कळतं.

त्यांच्या मते प्रत्येक सरावातून शरीरात दोन गोष्टी उरतात: दम आणि थकवा. थकवा लवकर चढतो, लवकर उतरतो. कमावलेला दम मात्र कित्येक आठवडे टिकतो. कामगिरी म्हणजे दमातून थकवा वजा करून जे उरतं ते. म्हणूनच चाचणीच्या आधीच्या आठवड्यात पळणं कमी केलं की वेळ सुधारते. रोज पूर्ण ताकद लावणाऱ्याचा थकवा उतरतच नाही. वेळ सुधारत नाही म्हणून तो आणखी पळतो.

या गणितात प्रशिक्षक कुठेच नाही, ही त्याची मोठी उणीव. जॉन कोते आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये कॅनडातल्या जिम्नॅस्टिक्सच्या १७ निष्णात प्रशिक्षकांना बोलतं करून वेगळा आराखडा मांडला. चांगला प्रशिक्षक प्रत्येक खेळाडूचं एक चित्र मनात बाळगतो. स्वतःचा स्वभाव, खेळाडूचा पिंड आणि भोवतालची परिस्थिती जोखून सराव ठरवतो. तालमीतला वस्ताद वेगळं काय करतो? चाळीसगाव तालुक्याच्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ अशी सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. तसा पैलवान काही छापील तक्त्यावर घडत नाही.

खान्देशात ‘भोवतालची परिस्थिती’ म्हणजे आधी ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात पळायची सवय शरीराला लागायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. कालच तापातून उठलेला, रात्रपाळी करून आलेला किंवा नव्यानं भरती झालेला मुलगा जुन्यांच्या बरोबरीनं पळवला, तर धोका त्यालाच. पळताना तो बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. गाडीची वाट बघत पाणी ओतायचं थांबवू नये. सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण आल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

यंत्र नसलं तरी मोजमाप अडत नाही. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांची पद्धत वहीवर चालते. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारायचं, आज किती जड गेलं, शून्य ते दहा? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. चाळीस मिनिटं आणि सहा, म्हणजे २४०. त्याच सरावाला एरवी ‘पाच’ सांगणारा मुलगा एखाद्या दिवशी ‘नऊ’ म्हणाला, तर सरांनी त्याला बाजूला घेऊन रात्री झोपला होतास का, जेवलास काय, हे विचारावं.