नोंदवहीत नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, आज जरा लांबच्या अंगणातला विषय घेऊन आले आहे. बेसबॉल! ‘अगं, घरात क्रिकेटनंच डोकं उठलंय, त्यात हे आणखी कशाला?’ असं म्हणून पान उलटू नका. आपल्याकडे शाळांमधून मुली सॉफ्टबॉल खेळतात ना, त्याचाच हा थोरला भाऊ. अमेरिकेत जन्मलेला, वाढलेला आणि तिथल्या लोकांच्या अगदी रक्तात भिनलेला.

खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार जागा, त्यांना बेस म्हणायचं. एका कोपऱ्यात फलंदाज उभा राहतो. फटका मारून बाकीचे तिन्ही बेस फिरून तो परत पहिल्या जागी, म्हणजे ‘घरी’ आला की एक धाव. मारता येण्यासारखे तीन चेंडू हुकले की बाद. असे नऊ डाव. झालं!

पण या खेळाची खरी गंमत मैदानापेक्षा त्याच्या नोंदवहीत आहे. बेसबॉलवाल्यांइतके हिशेबी लोक शोधून सापडायचे नाहीत. कोणी कितवा चेंडू कसा मारला, कोण किती दिवस सलग खेळला, सगळं सालवार लिहिलेलं. कॅल रिपकेन नावाचा खेळाडू १९८२ ते १९९८ या काळात एकही सामना न चुकवता सलग २,६३२ सामने खेळला. त्याच्याआधीचा विक्रम लू गेहरिगचा, २,१३० सामन्यांचा. तोही जवळजवळ ५६ वर्षं टिकला होता. हे वाचताना मनात आलंच, की आपल्यापैकी कित्येकींची चुलीपुढची सलग हजेरी याहून जास्त भरेल. पण ती मोजणार कोण?

आणखी एक किस्सा ऐका. व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामना ऱ्होड आयलंड राज्यातल्या पॉटकेट इथं झाला. १९८१ च्या १८ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या रात्री तो सुरू झाला आणि काही केल्या संपेना. नऊ डावांचा खेळ बत्तीस डावांपर्यंत गेला. पहाटे चारनंतर कुठे थांबवला, तेव्हा थंडीत कुडकुडणारे १९ प्रेक्षक उरले होते. जूनमध्ये पुन्हा सगळे जमले आणि तेहतिसाव्या डावात अवघ्या १८ मिनिटांत निकाल लागला. आपला वर सांगितलेला रिपकेनही त्या सामन्यात होता. लुईस अपोंते नावाच्या गोलंदाजाला त्याचं काम झाल्यावर रात्री मधेच घरी पाठवलं, तर बायको दारातच अडवून उभी! रात्री तीनपर्यंत कुठे सामना असतो का, असं तिचं म्हणणं. बाईचं काय चुकलं सांगा!

अशा गमती वाचता वाचता मला एक गोष्ट खटकायला लागली. बचत गटांच्या कामात ती नेहमी दिसते. म्हैस बाईनं सांभाळायची, शेणघाण तिनं काढायची, धार तिनं काढायची आणि दूध घातल्याच्या पुस्तकात नाव मात्र घरधन्याचं. काम एकाचं, नोंद दुसऱ्याची. बेसबॉलच्या या एवढ्या जाडजूड नोंदवहीत बायका कुठे आहेत, हे मग मी शोधायला लागले. आणि काय सांगू, बायका होत्या! चांगल्या ठणठणीत होत्या. वहीच्या मुख्य पानांवर तेवढ्या नव्हत्या.

जॅकी मिचेलचंच बघा ना. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या संघानं १९३१ मध्ये या १७ वर्षांच्या डावखुऱ्या मुलीशी गोलंदाज म्हणून करार केला. लहानपणी शेजारी राहणाऱ्या डॅझी व्हान्स या नामवंत खेळाडूनं तिला चेंडू टाकायला शिकवलं होतं. २ एप्रिलला न्यूयॉर्क यांकीज हा बलाढ्य संघ सराव सामना खेळायला आला. समोर बेब रूथ, म्हणजे त्या काळातला तिथला सर्वांत मोठा फलंदाज. जॅकीनं त्याला बाद केलं! रूथनं चिडून बॅट फेकली. पुढचा फलंदाज तोच लू गेहरिग, सलग सामन्यांच्या विक्रमाचा. त्यानं तीन चेंडूंवर तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा हवेत. तोही बाद. पाठोपाठ दोन दिग्गज, आणि समोर एक शाळकरी वयाची पोर!

हा सगळा देखावा होता, मालकानं गर्दी जमवायला ठरवून केलेलं नाटक होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मालक तसा जाहिरातबाज होताच. पण आता दुसरी गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

१९ ऑगस्ट १९५१. सेंट लुईस ब्राऊन्स या संघाचा मालक बिल व्हीक यानं एडी गेडेल नावाच्या तीन फूट सात इंच उंचीच्या माणसाला फलंदाजीला उतरवलं. पाठीवर नंबर होता १/८! एवढ्याशा माणसाला नीट चेंडू टाकायचा कसा? चारही चेंडू वरून गेले, नियमाप्रमाणे त्याला पहिला बेस फुकट मिळाला आणि त्याच्या जागी दुसरा खेळाडू पळायला आला. दुसऱ्या दिवशी लीगच्या अध्यक्षांनी करार रद्द केला. हा तर उघड उघड गर्दी जमवायचा खेळ. तरीही गेडेलचं नाव अधिकृत नोंदींत आहे, कारण तो सामना मुख्य स्पर्धेतला होता. जॅकीचा सामना सरावाचा, म्हणून तिच्या दोन बळींना त्या वहीत जागा नाही. नियम म्हणून बरोबर असेल हो. पण मुख्य स्पर्धेत तिला खेळू दिलं असतं, तर प्रश्नच आला नसता ना?

जॅकी पुढे ‘हाऊस ऑफ डेव्हिड’ या फिरत्या संघातून खेळली. तिथले पुरुष खेळाडू लांब दाढ्या राखायचे. १९३७ मध्ये तिनं खेळ सोडला आणि वडिलांच्या चष्म्याच्या व्यवसायात काम करू लागली. १९५२ मध्ये हॅरिसबर्गच्या संघानं एलिनॉर एंगल या स्टेनोग्राफर तरुणीशी करार केला. गणवेश घालून ती संघाबरोबर बसलीसुद्धा. पण एक चेंडूही न खेळता तिला परत जावं लागलं. वरच्या मंडळींनी फतवाच काढला की यापुढे महिलांशी करार करायचे नाहीत.

मधल्या काळात मात्र एक नवल घडलं. दुसऱ्या महायुद्धात पुरुष खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा मैदानं ओस पडतील या धास्तीनं च्युइंगगमचे कारखानदार फिलिप रिग्ली यांनी १९४३ मध्ये महिलांची व्यावसायिक लीग सुरू केली. आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर पगार. शेतावरच्या, कारखान्यांतल्या मुली धावत आल्या. चार संघांनी सुरुवात झाली. १९४८ मध्ये दहा संघ होते आणि त्या हंगामात नऊ लाखांवर प्रेक्षक आले.

पण अटी ऐका. केस आखूड नकोत, ओठांना लिपस्टिक हवी, गणवेश म्हणजे आखूड स्कर्ट. पहिल्या वर्षी तर हेलेना रुबिनस्टाइनच्या सौंदर्यशाळेत कसं चालावं, कसं बसावं याची शिकवणी! प्रत्येक संघाबरोबर एक देखरेख करणारी बाई. आता या खेळात बेस गाठायला जमिनीवर घसरत जावं लागतं. उघड्या मांड्या खरवडून निघायच्या. त्या लालभडक जखमांना मुली ‘स्ट्रॉबेरी’ म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घसरायच्या.

अशा स्कर्टमध्ये सोफी कुरीसनं काय केलं माहीत आहे? गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा बेस पळत जाऊन गाठणं, याला बेस ‘चोरणं’ म्हणतात. १९४६ च्या एका हंगामात सोफीनं २०३ वेळा प्रयत्न केला आणि २०१ वेळा ती यशस्वी झाली. फक्त दोनदा सापडली! पुरुषांच्या मुख्य लीगमध्ये विसाव्या शतकापासूनचा विक्रम आहे रिकी हेंडरसनचा, १९८२ मधला. आकडा १३०. त्याच वर्षी अंतिम लढतीत चौदाव्या डावात विजयी धावही सोफीनंच काढली.

जीन फाऊट ही दुसरी. समोरच्या संघातल्या एकीलाही पूर्ण सामन्यात पहिल्या बेसपर्यंत पोहोचू द्यायचं नाही, याला परफेक्ट गेम म्हणतात. पुरुषांच्या मुख्य लीगच्या इतिहासात २०२५ चा हंगाम संपेपर्यंत असे फक्त २४ सामने झाले आणि कुणालाही दुसऱ्यांदा ते जमलेलं नाही. जीननं ते दोनदा केलं, १९५१ आणि १९५३ मध्ये. तेसुद्धा घरात लहान मुलगा असताना, आणि संघाचा व्यवस्थापक स्वतःचा नवरा असताना! हे दुसरं जास्त अवघड की काय, ते तुम्हीच ठरवा.

हिशेब सरळ ठेवायचा तर हेही सांगायला हवं, की मुलींच्या लीगमध्ये बेसमधलं अंतर पुरुषांपेक्षा कमी होतं, चेंडूही वेगळा होता. त्यामुळे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘कोण मोठं’ हे ठरवू नये. पण शेजारी ठेवण्याइतके ते मोठे आहेत, एवढं तरी खरं ना?

हेलन कॅलहन ही १९४५ ची सर्वोत्तम फलंदाज. तिचा मुलगा केसी पुढे १९८६ पासून मुख्य लीगमध्ये खेळला. बापलेकांच्या जोड्या तिथं पुष्कळ, पण दोघंही व्यावसायिक बेसबॉल खेळलेली ही माय-लेकाची एकमेव जोडी. दुसऱ्या मुलानं आईच्या लीगवर माहितीपट केला आणि त्यावरून ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा १९९२ चा गाजलेला चित्रपट सुचला. लीग १९५४ मध्ये बंद पडली होती. सहाशेच्या वर मुली खेळून गेल्या होत्या. घरीदारी सगळ्या जणी गप्पच. लेकानं विचारलं, म्हणून जगाला कळलं.

या लीगच्या दारातही एक उंबरठा होता. काळ्या मुलींना आत घेत नसत. मेमी जॉन्सन चाचणीला गेली, तर तिला खेळूनसुद्धा दाखवू दिलं नाही. मग १९५३ मध्ये ती काळ्या खेळाडूंच्या ‘इंडियानापोलिस क्लाऊन्स’ या संघात पुरुषांबरोबर गोलंदाज म्हणून खेळली. ती सांगायची, की एका फलंदाजानं ‘ही तर शेंगदाण्याएवढीच!’ म्हणून हिणवलं, तेव्हा तिनं त्याला बाद केलं आणि ‘पीनट’ म्हणजे शेंगदाणा हेच नाव मिरवलं. त्याच संघात टोनी स्टोन होती. मालकानं स्कर्ट घालायला सांगितलं, तर तिनं सरळ नाही म्हटलं. मेमी पुढे परिचारिका झाली.

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, जुन्या वह्या उकरून काय मिळणार? तर बघा, वह्या बदलतात! हार्वी हॅडिक्सनं १९५९ मध्ये सलग बारा डाव एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं आणि तेराव्या डावात तो सामना हरला. १९९१ मध्ये व्याख्या बदलली आणि त्याची ही कामगिरी खास सामन्यांच्या यादीतून गळाली. म्हणजे लिहिलेलं पुसता येतं. मग न लिहिलेलं लिहिताही येतं. २०२० च्या डिसेंबरात काळ्या खेळाडूंच्या १९२० ते १९४८ मधल्या लीगना मुख्य लीगचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले आणि टाय कॉबच्या .३६७ या सरासरीच्या वर जोश गिब्सनची .३७२ जाऊन बसली. गिब्सन १९४७ मध्येच वारला होता. न्याय व्हायला ७७ वर्षं लागली.

मेमी आणि टोनी मात्र त्या कंसाच्या बाहेर राहिल्या, कारण त्या १९४८ नंतरच्या. कूपर्सटाऊनच्या बेसबॉल संग्रहालयात १९८८ मध्ये महिलांसाठी दालन उघडलं. तिथं सन्मानानं निवडून घेतलेल्या शेकडो मानकऱ्यांत आजवर बाई एकच. २००६ मध्ये निवडलेली एफा मॅन्ली, न्यूअर्क ईगल्स या संघाची सहमालकीण.

तरी पानं भरू लागली आहेत. ९ ऑगस्ट २०२५ ला अटलांटात जेन पावोल ही मुख्य लीगच्या सामन्यात उभी राहिलेली पहिली महिला पंच ठरली आणि दुसऱ्या दिवशी तिनं फलंदाजामागच्या मानाच्या जागेवरून निकाल दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात महिलांच्या नव्या व्यावसायिक लीगसाठी खेळाडूंची निवडही झाली.

म्हणून मैत्रिणींनो, एक छोटंसं काम सांगते. आपल्या गावातल्या शाळेत जुन्या चषकांचं कपाट असतं बघा. कधी गेलात तर त्या चषकांवरची नावं वाचा. कबड्डी, खो-खो, सॉफ्टबॉल खेळलेल्या मुली आता कुणाच्या तरी आज्या, सासवा झाल्या असतील. ‘विजेता संघ’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या कोण होत्या ते विचारा आणि एका वहीत माहेरच्या, सासरच्या दोन्ही नावांनी साल घालून लिहून ठेवा. आठवणारी माणसं आहेत, तोवरच हे होईल.

सोफीचे २०१ आज आपल्याला कळतात, कारण त्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून कुणीतरी ते नीट मोजले होते.