घिब्ली घ्यावी का?

आजचा विषय मी निवडलेला नाही. इंदूरच्या एका गृहस्थांनी तो माझ्यावर सोपवला आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त, दोन्ही मुली आपापल्या संसारात. त्यांनी एक गाडी पाहून ठेवली आहे: मासेराती घिब्ली, २०१६ ची, डिझेल, मुंबई पासिंग, दुसरा मालक विकतो आहे, मीटरवर १९,००० किलोमीटर. मागणी ४२ लाखांची. प्रश्न दोन ओळींचा आहे: "कर्नल साहेब, नव्या फॉर्च्युनरच्या पैशात मासेराती मिळते आहे. घेऊ का?"

फौजेत निर्णयाआधी ॲप्रिसिएशन लिहायला शिकवतात. त्यातली पहिली ओळ उद्दिष्टाची असते, आणि तिथे एकच उद्दिष्ट लिहायचं असतं. यांच्या पत्रात तीन आहेत. सौदा चांगला आहे, हायवेला मजबूत गाडी हवी, नातवंडं खूश होतील. तिन्ही खोटी आहेत असं मी म्हणत नाही, पण पत्राचा अर्धा भाग गाडीच्या मागच्या खांद्याची वळणं कशी आहेत याचंच वर्णन करतो. म्हणजे खरं उद्दिष्ट हे की गाडी देखणी आहे आणि ती आपल्या दारात उभी असावी. त्यात लाजण्यासारखं काय आहे? चाळीस वर्षं दुसऱ्यांची कर्जं तपासणाऱ्या माणसाला एक हौस करावीशी वाटली तर वाटू दे. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण हौस म्हणून घेतलेल्या गाडीचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि "सौदा" म्हणून घेतलेल्या गाडीचा वेगळा. इथे गल्लत झाली की पैसे जातात.

आधी गाडी काय आहे ते बघू. मासेराती ही १९१४ मध्ये बोलोन्यात भावाभावांनी सुरू केलेली कंपनी. तिचा त्रिशूळ त्याच शहरातल्या नेपच्यूनच्या पुतळ्यावरून घेतलेला. (जाता जाता: बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नदी आहे. ९ एप्रिल १९४५ ला तिथेच पहिल्या मराठा बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. इटलीच्या त्या भागाचं नाव निघालं की मला गाड्यांच्या आधी तेच आठवतं.) पुढे कंपनी मोडेनाला गेली, आणि १९६३ मध्ये तिनं क्वात्रोपोर्ते काढली. नावाचा अर्थ साधा, चार दरवाजे. शर्यतीच्या जातीचं इंजिन चार दारांच्या घरगुती गाडीत बसवायचं, ही कल्पना तेव्हा धाडसाची होती. घिब्ली हे नाव लिबियाच्या वाळवंटातल्या गरम वाऱ्याचं. आधी ते दोन दारांच्या गाड्यांना होतं. २०१३ मध्ये ते चार दारांच्या सेडानला मिळालं. तीच ही गाडी. ट्यूरिनजवळच्या ग्रुल्यास्को इथल्या कारखान्यात ती बनायची. आता बनत नाही.

चालवायला ती कशी? लांबी जवळजवळ ५ मीटर, दोन चाकांच्या मधलं अंतर ३ मीटर. दरवाज्यांच्या काचांना चौकट नाही. सुरुवातीच्या वर्षांत तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं. प्रतिस्पर्धी तेव्हा विजेच्या स्टिअरिंगकडे वळले होते, आणि जुन्या पद्धतीच्या स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो तो वेगळाच. गिअरबॉक्स ८ गिअरचा, जर्मन झेडएफ कंपनीचा. मागच्या चाकांना मेकॅनिकल लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. पेट्रोलचं ३ लिटरचं व्ही-६ इंजिन फेरारीच्या मारानेलोच्या कारखान्यात बनायचं. डिझेलचं व्ही-६ बनवलं व्हीएम मोतोरी या इटालियन कंपनीनं, त्याच घराण्याचं इंजिन जीप ग्रँड चेरोकीतही होतं. ताकद २७५ अश्वशक्ती, टॉर्क ६०० न्यूटन मीटर. मासेरातीचं डिझेल ऐकायला मासेरातीसारखं वाटावं म्हणून सायलेन्सरच्या टोकांजवळ आवाज घुमवणारी दोन यंत्रं बसवली होती. तांत्रिकदृष्ट्या हुशारी, पण थोडी लबाडीच. आमच्याकडे रणगाड्याला असं काही लावलं असतं तर जवानांनी हसून घालवलं असतं.

मागच्या सीटबद्दल स्पष्ट बोलतो. बाहेरून गाडी जेवढी मोठी दिसते तेवढी आत, मागं, ती मोठी नाही. तुम्हाला ड्रायव्हर ठेवून मागं बसायचं असेल तर पुण्याजवळ चाकणला जोडली जाणारी, लांब व्हीलबेसची मर्सिडीज ई-क्लास घ्या आणि हा लेख इथेच सोडा. घिब्ली ही स्वतः चालवायची गाडी आहे.

आता ४२ लाखांकडे येऊ. मूळ किंमत कोटीच्या वर असलेली गाडी एवढी खाली का आली? पहिलं कारण असं की ती भारतात जोडली गेलेली नाही. पूर्ण बांधून जहाजानं आली, आणि त्या काळात अशा महागड्या गाडीवर सीमाशुल्कच सुमारे १०० टक्के होतं. पहिल्या मालकानं दिलेल्या पैशातला मोठा भाग सरकारजमा झाला. तो पुढच्या मालकाला कुणी परत देत नाही. दुसरं कारण तुमच्याशी थेट संबंधित आहे. वॉरंटी संपल्यावर ही गाडी सांभाळायची भीती बाजारात आहे, आणि ती भीती किमतीत उतरते. स्वस्त झाली ती गाडी. तिचे ब्रेक, तिचे टायर, तिचा हेडलाइट स्वस्त झालेले नाहीत. ते आजही कोटीच्या गाडीचेच आहेत. फॉर्च्युनरशी तुलना इथेच तुटते, कारण फॉर्च्युनर दुरुस्त करणारा इंदूरमध्येही सापडतो आणि धारमध्येही.

मी ईएमईत नोकरी केली, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि तोफा चालू ठेवणाऱ्या कोअरमध्ये. आमच्याकडे रोज एक आकडा वर जायचा, व्हीओआर, म्हणजे 'व्हेइकल ऑफ रोड'. किती गाड्या उभ्या आहेत आणि का. त्या यादीत फुटलेलं इंजिन क्वचितच असायचं. बहुतेक गाड्या एखाद्या रबरी सीलसाठी, एखाद्या सेन्सरसाठी, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी उभ्या असायच्या. गाडी किती चांगली आहे यापेक्षा तिच्यामागची रसद किती चांगली आहे, यावर ती रस्त्यावर राहते. मासेरातीनं २०१५ मध्ये भारतात दुसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा दिल्ली, मुंबई आणि बंगळुरू अशी तीन शहरं निवडली. इंदूरहून मुंबई सुमारे ६०० किलोमीटर. बंद पडलेली गाडी तिथे चालत जात नाही, फ्लॅटबेड ट्रकवर जाते, आणि जमिनीला इतकी जवळ असलेली गाडी ट्रकवर चढवणं हेही प्रत्येक क्रेनवाल्याला जमत नाही.

म्हणून माझं इंदूरच्या साहेबांना सांगणं असं. गाडी बघायला जाण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला आणि एका चांगल्या खासगी गॅरेजला ईमेल करा. चार गोष्टींचा लेखी भाव मागा: पुढच्या-मागच्या ब्रेक डिस्क आणि पॅडचा पूर्ण सेट, चार टायर, मोठी सर्व्हिस आणि एक हेडलाइट. प्रत्येकापुढे किती दिवसांत मिळेल तेही लिहून घ्या. टायरच्या बाबतीत लक्षात ठेवा, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे मागे टाकून आयुष्य वाढवता येत नाही. लेखी उत्तर आलं नाही, तर ते न येणं हेच उत्तर. आलं, तर चारही आकड्यांची बेरीज करा आणि तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची तयारी आहे का ते स्वतःला विचारा. नसेल तर गाडी ४२ लाखांची नाही, तुमच्या ऐपतीबाहेरची आहे.

हे साहेब बँकेचे, व्याज मी त्यांना शिकवू नये. तरी ७ टक्के धरले तर ४२ लाखांचे वर्षाला २ लाख ९४ हजार होतात, महिन्याला साडेचोवीस हजार. गाडी उभी असली तरी हे जात राहणार. ही रक्कम पेन्शनच्या वर मिळणारी मौज असेल तर ठीक. घर त्या व्याजावर चालत असेल तर विषय संपला.

१९,००० किलोमीटर ऐकून साहेब हरखले आहेत. मी सावध झालो. फौजेत राखीव ठेवलेल्या गाड्यासुद्धा ठरावीक काळानं सुरू करून फिरवतात, कारण न चालणारी गाडी झिजत नाही, ती सडते. रबर कडक होतं, बॅटरी मरते, ब्रेक डिस्कवर गंज बसतो. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख असते. ३२१७ असेल तर तो २०१७ च्या ३२ व्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी त्या टायरवर १२० च्या वेगानं जाऊ नका. डिझेलला आणखी एक भानगड आहे. काजळी अडवणारा फिल्टर लांबच्या, सलग धावेत स्वतःला जाळून साफ करतो. मुंबईत क्लब ते घर एवढंच फिरलेल्या गाडीत तो तुंबलेला असू शकतो. मीटर खरा आहे की मागे फिरवलेला, हे सर्व्हिस रेकॉर्ड आणि संगणकाच्या स्कॅनवरून पडताळा, फक्त डॅशबोर्डवर विश्वास ठेवू नका.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. आपल्याकडच्या गतिरोधकांनी पोटाला किती ओरखडे काढलेत ते तिथेच दिसतं. पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाची रेघ असेल तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई, ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद, सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरू पाण्याखाली होतं, आणि अशा वेळी तळघरातल्या पार्किंगमधल्या गाड्याही वाचत नाहीत. धुऊन-पुसून त्या दुसऱ्या राज्यात विकायला ठेवणारे असतात.

अजून एक. २०१६ मध्ये अमेरिकेत २०१४ मॉडेलच्या घिब्ली आणि क्वात्रोपोर्ते गिअर लिव्हरसाठी परत बोलावल्या गेल्या. तो लिव्हर प्रत्येक वेळी मधोमध परत येतो, त्यामुळे गाडी पार्कमध्ये आहे असं समजून माणूस उतरतो आणि गाडी घरंगळते. तुमच्या गाडीच्या चॅसी नंबरवर कुठलं रिकॉल काम बाकी आहे का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि काहीही उत्तर आलं तरी उतरण्याआधी हँडब्रेक लावायची सवय करा.

कागदांचं थोडक्यात. मुंबई पासिंगची गाडी मध्य प्रदेशात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर मुंबई आरटीओची एनओसी घेऊन तिथे पुन्हा नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स. जुन्या राज्यातून उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो, पण त्यासाठी धीर लागतो. कर्नाटक, केरळ, तेलंगणमधल्या वाचकांनी तिथल्या टॅक्सचा आकडा सौद्याच्या आधी काढावा, तो किमतीत धरावाच लागेल. विक्रेता गाडी पुदुच्चेरी पासिंगची आहे म्हणून स्वस्त सांगत असेल तर जास्तच सावध. दिल्ली आणि एनसीआरमध्ये डिझेलला १० वर्षांची मर्यादा २०१५ पासून कोर्टात फिरते आहे. सर्वोच्च न्यायालयाचा ताजा आदेश वाचल्याशिवाय तिकडे २०१६ चं डिझेल घेऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ शिवाय एक रुपयाही देऊ नका. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा.

तर इंदूरचे साहेब, ही गाडी, तिथे, एवढ्या पैशात, नको. डिझेल आहे, जुनी आहे, उभी राहिलेली आहे, आणि तुमची रसद ६०० किलोमीटरवर आहे. तुम्ही मुंबईत किंवा बंगळुरूत असता, घरात दुसरी रोजची गाडी असती आणि ही रक्कम जमेच्या छोट्या तुकड्यातून निघत असती, तर मी म्हटलं असतं की पेट्रोलची, सर्व्हिसचे सगळे कागद असलेली, जास्त चाललेली घिब्ली शोधा, ५०,००० किलोमीटर झालेली असली तरी चालेल, आणि रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन या. तुमच्या मुलीकडे पुण्याला जाणं होतं असं पत्रात आहे. गाडी तिथे ठेवायची सोय, जावयांची तयारी आणि वहिनींचं मत, या तीन गोष्टी पत्रात नव्हत्या. त्या कळवा, मग पुन्हा बोलू.