स्पीडबोट घ्यायची? दुपारच्या वाऱ्यात चालवून बघा

१९६० साली मायामीहून बहामातल्या नॅसॉपर्यंत मोटरबोटींची शर्यत झाली, तेव्हा समुद्र चांगलाच खवळलेला होता. डिक बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही जेमतेम तीस फुटांची लाकडी बोट आठ तासांत नॅसॉला पोचली. दुसरी बोट काही तासांनी आली. बाकीच्यांपैकी ज्या पोचल्या, त्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या दोन्ही बोटींचा तळ रे हंट या अमेरिकी आरेखकाच्या कल्पनेतून आला होता. वेगवान बोटीचा इतिहास त्या दिवसापासून बदलला.

त्या काळच्या बोटींचा तळ नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, धारदार असायचा आणि मागे जाता जाता सपाट व्हायचा. सपाट तळ कमी ताकदीत पळतो, पण लाटेवरून उडून खाली आला की पाण्यावर परात आपटावी तसा आपटतो. हंट यांनी तळाचा व्ही आकार मागच्या टोकापर्यंत जवळपास तसाच ठेवला. मागच्या टोकाशी तळाची बाजू आडव्या रेषेपासून किती अंश वर उचलली आहे, त्या कोनाला डेडराइज म्हणतात. खुल्या समुद्रातल्या वेगवान बोटींमध्ये तो साधारण २४ अंश असतो. खाडीत किंवा तळ्यात फिरणाऱ्या बोटींमध्ये बराच कमी. खोल व्हीची किंमतही मोजावी लागते. अशा बोटीला जास्त ताकद लागते, उभी असताना ती जास्त डुलते आणि पाण्याच्या पृष्ठभागावर चढून पळायला, म्हणजे प्लेन व्हायला, तिला वेळ लागतो.

बोट घ्यायला निघालेला माणूस मात्र पहिला प्रश्न विचारतो, ‘टॉप स्पीड किती?’ माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. इंजिन बदलता येतं, प्रोपेलर बदलता येतो. तळ बदलता येत नाही, आणि बोट लाटेत कशी वागेल हे तळच ठरवतो.

विक्रेता चाचणीसाठी सकाळची वेळ देतो. पाणी शांत, टाकी निम्म्याहून रिकामी, बोटीवर दोन माणसं. अशा पाण्यात कुठलीही बोट छान पळते. मुंबईत हिवाळ्यातल्या सकाळी गेटवेहून मांडव्याकडे जाताना बंदराचं पाणी बऱ्याचदा शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की त्याच पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात. ५० नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ २६ मीटर. लाटा दहा-दहा मीटरवर असतील तर बोटीला दर सेकंदाला दोन-तीन तडाखे बसतात. म्हणून चाचणी दुपारी घ्या, टाकी भरून घ्या, आणि रोज जितकी माणसं नेणार तितकी बसवून घ्या.

सुरुवात हळू करायची. प्लेन होताना नाळ किती वर येते, चालवणाऱ्याला समोरचं किती वेळ दिसत नाही, हे बघायचं. मग वेग कमी करत करत बोट किती कमी वेगाला प्लेनवर टिकते ते शोधायचं. माहितीपत्रकात हा आकडा सहसा नसतो, पण मला तो टॉप स्पीडपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दर्या खवळल्यावर तुम्ही ६० नॉटनी येणार नाही, १८-२० नॉटनी येणार. त्या वेगाला बोट प्लेनवरून खाली बसत असेल, तर घरी येताना एक तर तडाखे खायचे किंवा नाळ वर करून रांगायचं, एवढेच दोन पर्याय उरतात.

नंतर लाटांना सामोरं जायचं, त्या आडव्या घ्यायच्या, तिरक्या घ्यायच्या आणि शेवटी पाठीवर घ्यायच्या. समोरच्या लाटेचा तडाखा सगळ्यांनाच कळतो. खरी परीक्षा पाठीवरच्या लाटेत होते. बोट लाटेच्या उतारावरून घसरत पुढच्या लाटेच्या पाठीत नाळ खुपसते का, की नाळेनेच वळू लागते आणि मागची बाजू फिरायला बघते? सुकाणू सतत इकडेतिकडे करावं लागत असेल तर ती बोट लांबच्या प्रवासात माणसाला दमवणार.

वेग वाढवल्यावर दोन दोष दिसू शकतात. नाळ एका लयीत खाली-वर होऊ लागली तर तो पॉरपॉइझिंगचा दोष. ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, थोडा आत घेतला की बहुधा तो थांबतो. तरीही थांबला नाही तर वजन फार मागे आहे किंवा तळातच खोट आहे. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. खूप वेगात बोट तळाच्या अगदी शेवटच्या अरुंद पट्टीवर तोललेली असते आणि एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलू लागते. याला चाइन वॉक म्हणतात. डोलणं वाढत गेलं तर ताबा सुटतो. ते सुरू होताच वेग कमी करायचा, आणि किनाऱ्यावर आल्यावर सुकाणूच्या जोडण्या किती सैल आहेत ते तपासायचं. सैल सुकाणू हा दोष वाढवतं.

वळण दोन्ही बाजूंना घेऊन बघा. एकाच प्रोपेलरच्या बोटीत त्याच्या फिरण्याच्या दिशेमुळे डावं आणि उजवं वळण सारखं नसतं. वळणात प्रोपेलर हवा ओढून मोकळा फिरू लागतो का, त्याकडे कान द्या. आणि हे सगळं मध्यम वेगातून हळूहळू वाढवत न्या. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कॅमल नदीच्या मुखाशी ‘मिली’ नावाच्या बोटीने वेगातल्या वळणात अचानक पाण्यात पकड घेतली आणि सगळं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याला जोडलेली नव्हती. रिकामी बोट गोल गोल फिरत राहिली आणि दोन जीव गेले. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर इंजिन बंद करणारी ही सोय वापरणं कायद्याने बंधनकारक झालं. भारतात कोणी विचारो वा न विचारो, चाचणीला दोरी बांधल्याशिवाय चावी फिरवू नका.

तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या बोटी आता पुष्कळ दिसतात. पायऱ्यांतून तळाखाली हवा शिरते, पाण्याचं घर्षण कमी होतं, त्याच इंजिनात जास्त वेग मिळतो. पण नाळ दाबून वेगात वळलात, किंवा वळणाच्या मध्यावर थ्रॉटल एकदम सोडलात, तर मागची बाजू सुटू शकते. अशी बोट घेणाऱ्याने आधी ती चालवायला शिकावं. कॅटामरानचं वागणं वेगळंच. दोन तळांमधल्या बोगद्यातली हवा तिला उचलून धरते, छोट्या लाटांवर ती मऊ चालते, मात्र लाट बोगद्याच्या छताला लागली की धक्का जोरात बसतो. व्ही तळाची बोट वळणात आत झुकते. कॅटामरान जवळपास सपाट वळते, त्यामुळे माणसं बाहेरच्या बाजूला ढकलली जातात.

आता एक गोष्ट, जी घेणारे हमखास विसरतात. चाचणीत सगळा वेळ सुकाणूवर उभे राहू नका. चालवणाऱ्याला लाट दिसते, त्याचे गुडघे आधीच वाकतात, हातात आधार असतो. पुढच्या बाकावर बसलेल्या आईला किंवा मुलीला यातलं काहीच मिळत नाही, आणि तडाखा पुढेच सर्वांत जास्त बसतो. २००८ मध्ये ब्रिस्टल खाडीत वेगवान बोटीच्या सफरीवर आलेल्या एका प्रवासी बाईच्या मणक्याचं हाड मोडलं, आणि ब्रिटनच्या सागरी अपघात तपास संस्थेला त्याची चौकशी करावी लागली. तेव्हा दुसऱ्याच्या हाती सुकाणू द्या आणि बोटीवरच्या प्रत्येक जागेवर स्वतः बसून बघा. कंबरेने नको म्हटलं तर ती बोट तुमच्या कुटुंबासाठी नाही.

वेग जीपीएसवर मोजा, तोही जाताना आणि येताना, कारण भरती-ओहोटीचा ओढा एका बाजूने आकडा फुगवतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत येतात का ते पाहा. कमी पडत असतील तर प्रोपेलर चुकीचा आहे किंवा बोट जड झाली आहे. मग बोट पाण्याबाहेर काढून तळाला सरळ पट्टी लावा. मागे तळ खालच्या बाजूला वाकलेला असेल तर बोट नाळ दाबून चालते, वर उचललेला असेल तर पॉरपॉइझ करते. ट्रेलरचे आधार चुकीच्या जागी असले तरी वर्षानुवर्षांत असा बाक येतो. जुनी बोट असेल तर फायबरच्या आत पाणी मुरलंय का, मागची फळी कुजली आहे का, हे स्वतंत्र मरीन सर्व्हेअरकडून तपासून घ्या. सर्व्हेअर विक्रेत्याने सुचवलेला नको.

चाचणीची जागाही जपून निवडायला हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली, आणि दोन्हीकडची माणसं गेली. फेरीबोटींचा मार्ग, मासेमारीची जाळी, पोहणारी माणसं यांपासून लांब जा. परवानगी घेऊन जा आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट घाला.

एवढं करायला पूर्ण एक दिवस जातो, कधी वाऱ्याची वाट पाहत दोन. बोटीची किंमत बघता तो वेळ मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. भरल्या टाकीने, माणसं बसवून, दुपारच्या वाऱ्यात बोट द्यायला विक्रेता तयार नसेल, तर पैसे खिशात ठेवा आणि दुसरी बोट बघा.