भाव कुणाचा धरला?

अमरावती-अकोल्याकडच्या एखाद्या शिवारात शेजारी-शेजारी दोन शेतं आहेत असं समजा. एक नवरा-बायको कसतात, दुसरं एकटी विधवा. मका असो की कपाशी, उतारा सारखाच येतो, पण तिचा खर्च जास्त. मग तिला शेती कमी जमते का?

हे मोजण्याचं गणित अर्थशास्त्रज्ञ एम. जे. फॅरेल यांनी 1957 मध्ये मांडलं. तेवढं पीक कमीत कमी किती खर्चात निघालं असतं ते काढायचं आणि त्याला प्रत्यक्ष खर्चानं भागायचं. 20 हजारांचं काम 25 हजारांत झालं, तर खर्च-कार्यक्षमता 80 टक्के.

भागाकार सोपा, पेच आहे तो खर्च धरण्यात. वऱ्हाडात निंदण-वेचणी बायकांची. वखरणी, डवरणी, फवारणी पुरुषांची. जोडप्याच्या शेतात बायको निंदते, तिला मजुरी कोण देतो? विधवेला मात्र डवरणीचे रोख पैसे मोजावे लागतात. त्यात बैलजोडी मिळते ती मालकाचं शेत उरकल्यावर, तोवर वाफसा गेलेला. कृषिमूल्य आयोगाच्या ‘ए2’ खर्चात घरच्यांची मेहनत नसते, ‘ए2 अधिक एफएल’मध्ये असते. नुसता ‘ए2’ धरला, तर जोडप्याची शेती स्वस्त दिसते. बायकोची मजुरी मांडली की फरक आक्रसतो.

दुसरा पेच भावाचा. नवऱ्यामागे वारसाचा फेरफार रखडला, की सातबारा तिच्या नावे नाही आणि पीककर्जही नाही. मग बी-खत उधारीवर, चढ्या दरानं. गणितात तिचाच दर घेतला, तर किमान खर्चही त्याच प्रमाणात फुगतो. गुण चांगले येतात आणि तिचं नुकसान कागदावर उमटतच नाही. किमान खर्च रोखीच्या भावानं काढला, तर तीच बाई अकार्यक्षम ठरते.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार, सारख्या आकाराच्या शेतांत बायकांची उत्पादकता पुरुषांपेक्षा सरासरी 24 टक्के कमी आहे. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी 1996 मध्ये बुर्किना फासोतली शेतं तपासली, तेव्हा एकाच घरातलं शेणखत जास्त करून पुरुषांच्या तुकड्यांत पडत असल्याचं दिसलं. उणीव हाताच्या कसबात नव्हती, वाटणीत होती.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना सांगितलं, ते न्यायासाठी. खर्चाच्या हिशेबानंही ते खरं ठरतं: सातबाऱ्यावर नाव आलं, तर तिला पीककर्ज मागता येतं आणि उधारीचा चढा दर टळू शकतो.